सोमवारचा कांदा

रघुनाथबाबांचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ते गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची कँटीन चालवतात. दुपारी पातळभाजीबरोबर तोंडी लावायला काहीतरी घेऊन ये, म्हणाले. कामगारांनी परत मागून खाल्लं, तर कँटीनचा स्वयंपाक तुझा. नाहीतर उद्या दुसरी बाई येऊन बघेल.

ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून मी घरात धावले. वर्षभर या माणसाच्या मागे लागले होते! प्रवीण, म्हणजे माझा नवरा, डबा घेऊन कामावर गेला की घर मला खायला उठायचं. मला हे काम हवं म्हणजे हवंच होतं.

काय न्यायचं ते कधीचंच ठरलं होतं. त्या कँटीनमध्ये भाजीपावाबरोबर कच्च्या कांद्याच्या फोडी देतात, विटेएवढ्या जाड. मी नेणार होते मुरवलेला लाल कांदा. मोबाइलवर बघून ठेवला होता, व्हिनेगर घातलं की अर्ध्या तासात तयार!

आनंदाच्या भरात एवढंच विसरले की आज सोमवार. आमच्याकडे सोमवारी शिवराक जेवण. मासळी तर नाहीच, कांदासुद्धा नाही. सासूबाई सावंतवाडीकडच्या. त्यांनी हा सोमवार माहेरापासून पाळलेला, आणि लग्न होऊन आल्यापासून मीही पाळते.

"माझ्या चुलीर आज कांदो नको हां," त्या म्हणाल्या. "मागल्या पडवेत बसान काय ता कर."

"आणि व्हिनेगर, आई?"

"माडाच्या सुरेचा? ह्या घरात? शिरा पडो तुझ्या त्या मोबायलार!"

मग मला कोकमाचं आगळ आठवलं. मे महिन्यात कोकमांना मीठ लावून आम्ही काढून ठेवतो तो रस. व्हिनेगरपेक्षा काकणभर सरसच! पडवीत बसून कांदे कापले, कागदासारखे पातळ. वर कढत पाणी ओतून निथळले. मिरे, गूळ, दोन हिरव्या मिरच्या, चमचाभर मीठ, आणि वरून आगळ. घटकाभरात असा गुलाबी रंग चढला की मी एकटीनेच टाळ्या पिटल्या.

आणि मग टाळ्या वाजवणारे हात तसेच थांबले. आगळात मीठ असतंच की! मोबाइलवाली बाई म्हणाली चमचाभर, म्हणून मी वर आणखी घातलं. अति घाई संकटात नेई, दुसरं काय! किती खारट झालं असेल? चाखल्याशिवाय कळणार कसं? प्रवीण कामावर, शेजारणी सगळ्या सोमवारवाल्या. बघता बघता अकरा वाजत आले. मी डोळे मिटून एक फोड उचलली.

माझं मनगट कोणीतरी धरलं.

"तू सोमार मोडू नको," सासूबाई म्हणाल्या.

"मग कँटीनात काय खारवलेला कांदा नेऊ? माझं काम जाईल ओ, आई!" मी चक्क ओरडले. सासूवर. रडूच फुटायचं बाकी होतं.

त्यांनी देवघराकडे एकदा बघितलं, माझ्या बोटांतली फोड काढून घेतली आणि तोंडात टाकली.

मी गारच झाले. आजारपणातसुद्धा त्यांनी सोमवार सोडलेला मी बघितला नव्हता.

"खारट झालो," त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या. "पाण्यात धुवन काढ. आगळ वायच घाल, गूळ वाढव. आणि मिठाक हात लावू नको."

धुतला, पिळला, नव्याने केला. आता पुन्हा चाखायला सांगायचं कुठल्या तोंडाने? मी वाटी हातात घेऊन नुसती उभी राहिले.

"दी हय. एकदा मोडलो तो मोडलोच." त्यांनी दुसरी फोड खाल्ली. चावत राहिल्या, मान हलवली. "आता जा." आणि जाता जाता तिसरी उचलली. तिची काही गरज नव्हती.

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण हात कांद्याचे होते.

पायांशी डबा ठेवून मी स्कूटर अशी पळवली की विचारू नका. कँटीनमध्ये पहिल्या टेबलावरच्या एकाने भाजी बाजूला सारली आणि पावात नुसता कांदाच भरला. "बाये, आनी घाल गो!" मग त्याच्या शेजारचा, मग पलीकडचं टेबल. शेवटची माणसं जेवायला येईपर्यंत डबा रिकामा! तळाशी उरलेला गुलाबी रस रघुनाथबाबांनी पावाने पुसून खाल्ला.

"फाल्यां सकाळीं बेगीन यो," ते म्हणाले. "आनी डबो व्हडलो हाड."

उद्या सकाळी लवकर, आणि डबा मोठा! घरी पोचेपर्यंत कुठला दम धरवतोय! फाटकातूनच ओरडले, "आई, काम मिळालं!"

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला.

"पण तुमचा सोमवार..." मी जवळ बसले. "माझ्यामुळे मोडला."

"देवाक सांगलंय मी. पयली फोड तुझ्यासाठी. दुसरी पण तुझ्यासाठी."

"आणि तिसरी?"

"ती माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "ता पण सांगलंय."