फूटभर वाचन

मित्रांनो, पुस्तकं इंचात मोजायची पैज तुम्ही कधी ऐकलीय? मी नुसती ऐकली नाही, त्या पैजेत मोजायला मीच होते.

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, शिंप्याची, मापाची. अंगाने पिवळी, टोकाला पितळी पत्रा. कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकाच लांबलचक फितीतून कापून निघालो. आकडे सगळ्यांचे सारखे, नशीब मात्र जिचं तिचं. मी मास्तरांच्या गळ्यात पडले ती पडलेच. आजतागायत त्यांनी मला उतरवलेलं नाही. कधीकधी जेवायलाही मला घालूनच बसतात. त्यामुळे माझ्यावर आमटीचे दोन डाग आहेत, ते मी दागिन्यासारखे मिरवते.

माझी नोकरी मोठी गमतीची. लोक जगापासून पोट लपवतात, पण माझ्यापासून कसं लपवणार? माप घेताना श्वास कोंडून ताठ उभे राहतात. मीही काही कमी नाही. जरा वेळ कमरेला नुसतीच चिकटून राहते. शेवटी बिचारे श्वास सोडतात आणि पोट टुणकन बाहेर येतं. पुढे वयाने मी ताणले गेले, माझा एकेक इंच थोडा लांब झाला. मग काय विचारता! जाडजूड गिऱ्हाइकांची कंबर आपोआप कमी भरायला लागली. खुशीत येऊन ते आणखी एक पँट शिवायला टाकायचे. माझं एवढं कौतुक कधीच झालं नव्हतं.

दुकानात मास्तरांच्या मागे त्यांची थोरली बहीण बसते. सगळा चौक तिला ताई म्हणतो. नाकावर चष्मा, काज-बटण आणि हातशिलाई तिच्याकडे. दुपारी मशीन थांबलं की मास्तर तिला पुस्तक वाचून दाखवायचे. ताईला स्वतःला छान वाचता येतं, पण हात सुईदोऱ्यात अडकलेले, कान मोकळे. मास्तरांचा आवाज असा की राक्षस बोलायला लागला की हँगरवरचे शर्टसुद्धा हलायचे. ताईचा दिवस त्या दुपारसाठीच उजाडायचा.

आणि मग ते वाचन बंद पडलं. मास्तर म्हणाले, हल्लीच्या पुस्तकांत दम नाही.  पण मला खरं कारण माहीत होतं, कारण आकडा बघायला मास्तर मला रोज आदल्या दिवसापेक्षा लांब धरत होते. ताईलाही माहीत असावं. ती सकाळीच सगळ्या सुया ओवून मास्तरांच्या टाचण्यांच्या गादीत टोचून ठेवायची आणि त्यावर चकार शब्द काढायची नाही. चष्म्याचं नाव काढलं की मास्तर उसळायचे. चष्मा लावलेल्या शिंप्याकडे कापड कोण टाकेल, खिसा कापायला जाईल आणि बाही कापेल, असं लोक म्हणतील, हे त्यांचं म्हणणं.

अशात वर्षाचा शेवटचा दिवस आला. शेजारचा सायकलवाला फाटका खिसा शिवून घ्यायला आला. त्याला सगळे पंपू म्हणतात, कारण तो बोलायला लागला की हवा भरतच जातो. बाकड्यावर बसून त्याने यंदा वाचलेल्या पुस्तकांचं पारायण सुरू केलं. दीपगृहात बकरी पाळणाऱ्या म्हाताऱ्याचं पुस्तक त्याला सगळ्यात आवडलं होतं. मग वासावरून चोर पकडणाऱ्या बाईचं. पुढच्या वर्षी तो ऑक्टोपसवरचं एक जाडजूड पुस्तक वाचणार होता. ताईची सुई कापडातच थांबली. ती अशी ऐकत होती, की मास्तरांना मिरची झोंबली.

"एवढंसं वाचतोस आणि चौकभर सांगतोस," मास्तर म्हणाले. "पुस्तकं होती का पत्रकं?"

"जाडी मोजून बघा की," पंपू म्हणाला. "टेप गळ्यातच आहे तुमच्या."

झालं. पैज लागली. नव्या वर्षात ज्याच्या वाचलेल्या पुस्तकांचा ढीग उंच, तो जिंकला. पुस्तक वाचून झालं की त्याची गोष्ट ताईला सांगायची, मगच ते ढिगावर चढवायचं. पंपू हरला तर त्याने दुकानातल्या सगळ्या चिंध्यांचा झगा घालून दिवसभर पंक्चर काढायची. मास्तर हरले तर पंपूच्या दुकानाबाहेर टांगलेली लहान मुलांची तीनचाकी, तिच्यावर बसून चौकाला फेरी मारायची. मास्तर अंगाने कसे आहेत हे मी सांगणार नाही. व्यवसायाची गुपितं असतात. एवढंच सांगते, की त्यांना मोजताना माझी दोन्ही टोकं एकमेकांना लांबूनच नमस्कार करतात.

ताईने सुई पुन्हा चालवायला घेतली, पण चेहरा खुलला होता. तिच्या दुपारी परत येणार होत्या.

वर्ष सुरू झालं. मास्तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचे आणि जाडीवर हात फिरवून पुस्तक आणायचे, कापडाचा पोत बघावा तसे. मग दुपारी मशीनवर पुस्तक उघडून, पानं उलटत, मान डोलवत बसायचे. संध्याकाळी ताईला गोष्ट सांगायचे. आणि काय गोष्टी, मित्रांनो! वादळात सापडलेला दर्यावर्दी, वाळवंटात हरवलेला राजा, तुरुंगातून पळालेला जादूगार. फक्त एक होतं. दर्यावर्दीच्या पँटला दोन प्लेट आणि क्रॉस खिसे होते. राजाच्या कोटाला आतून साटीनचं अस्तर होतं. जादूगार पळाला तोसुद्धा बाहीच्या शिलाईला मार्जिन भरपूर सोडलं होतं म्हणून. ताई ऐकायची आणि ओठ दाबून काज करायची. मी मास्तरांच्या गळ्यात हसून हसून पिळवटून जायचे.

पंपू काही कमी बेरकी नव्हता. एकदा त्याने पुठ्ठ्याच्या पानांचं बाळांचं पुस्तक आणलं, विटेएवढं जाड. पानं सहा आणि शब्द मोजून पाच. मास्तरांनी हरकत घेतली. पण पंपूने त्यातल्या प्रत्येक प्राण्याचा आवाज असा काढून दाखवला, की समोरचं कुत्रं उठून दुकानात आलं. ताईने पुस्तक मंजूर केलं.

बघता बघता वर्ष संपलं. दोन्ही ढीग चौकात टेबलावर मांडले. सगळे शेजारी जमले. मास्तरांनी ऐटीत मला गळ्यातून काढलं. पंपूचा ढीग फूटभर भरला. मास्तरांचा त्याहून बोटभर उंच. पंपू मुकाट्याने चिंध्यांचा झगा अंगाला लावून बघायला लागला, आणि त्याला तो बरा दिसत होता.

"जिंकलास, बाळ्या," ताई म्हणाली. मास्तरांना बाळ्या म्हणायची हिंमत फक्त तिची. "आता वरचं पुस्तक घे आणि एक पान वाचून दाखव सगळ्यांना. वर्षभर नुसत्या गोष्टी सांगितल्यास."

मास्तरांनी पुस्तक उघडलं. थोडं लांब धरलं. आणखी लांब धरलं. मग हातच संपला.

"मास्तर," पंपू म्हणाला, "मी ते घेऊन माझ्या दुकानात उभा राहू का?"

लोक हसले. मास्तरांनी घसा खाकरला आणि तशीच सुरुवात केली, की एक दर्यावर्दी होता, समुद्र खवळला होता.

"कोटाला अस्तर होतं का रे त्याच्या?" ताईने विचारलं.

"होतं."

"साटीनचं?"

 पंपूने वाकून पुस्तकाचं कव्हर बघितलं. "अहो, हे मधमाश्या पाळायचं पुस्तक आहे."

चौक एवढा हसला की टेबलावरचे दोन्ही ढीग कोसळले. मास्तरांचा चेहरा उतरला. मला त्यांच्या मुठीतला घाम लागत होता. ताई उठून जवळ आली.

"गोष्टी झकास होत्या तुझ्या," ती हळूच म्हणाली. "पण मला पुस्तकातलीही ऐकायची होती. तुझ्या आवाजात." तिने स्वतःचा चष्मा काढला आणि मास्तरांच्या नाकावर ठेवला.

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतं तरी."

मास्तरांनी पुस्तकाकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझे बारीक आकडे, पुसट रेघा, आमटीचे डाग, सगळं त्यांना एकदम दिसलं असणार, कारण त्यांनी मला खसाखसा पुसलं. मग ते झगा परत घेऊन म्हणाले, "पंपू, तीनचाकी काढ."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या टेपचं ऐकाल तर दोनच गोष्टी सांगते. मला वापरून झालं की नीट गुंडाळून ठेवा, उगाच ताणू नका. आणि डोळे ताणायला लागले की चष्मा लावा, हात लांब करत बसू नका. नव्या वर्षात काय काय वाचायचं ते खुशाल ठरवा, फक्त इंचात ठरवू नका. वाचनाला माझ्यासारखी कुचकामी मोजपट्टी दुसरी नाही.

तर, मास्तर तीनचाकीवर बसले. गुडघे कानाशी आले आणि पाय पायडलवर मावेनात, म्हणून पंपूला मागून ढकलावं लागलं. घंटी वाजवायची सोडून मास्तरांनी मधमाश्यांचं पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. राणीमाशी पोळ्यातून निघते तिथे आवाज असा चढला, की टिंगल करायला मागे लागलेले लोक ऐकायला लागले. ताईला चष्म्याशिवाय टाका दिसत नव्हता, म्हणून ती हात मांडीत ठेवून पायरीवर नुसती ऐकत बसली होती.

फेरी संपली. पंपू धापा टाकत थांबला.

"चल पुढे," पानावरची नजर न काढता मास्तर म्हणाले. "प्रकरण संपलं नाही अजून."