वस्तऱ्यासाठी एक मिनिट

उस्तादांच्या हातचा वस्तरा गेला त्या सकाळी दुकानात तीन माणसे होती: स्वतः उस्ताद, दुसरी खुर्ची पुसणारी त्यांची मुलगी आणि साबणाच्या फेसात नाकापर्यंत बुडालेले दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचा दवाखाना समोरच, रस्ता ओलांडला की. एकोणीस वर्षे ते दर शनिवारी याच खुर्चीत दाढी करून घेत होते. त्या शनिवारी वस्तरा त्यांच्या डाव्या कानाच्या पाळीला लागला. जखम तिळाएवढी, पण कानाची पाळी रक्ताच्या बाबतीत फार उदार असते. फेस लाल झाला, टॉवेल लाल झाला आणि डॉक्टर, जे दिवसभर लोकांच्या तोंडातले रक्त पाहतात, स्वतःचे पाहून पांढरे पडले.

दुपारी मुलीने वस्तरा डब्यात घातला, डबा खणात ठेवला, खणाला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली.

"बाबा, हात थरथरतो तुमचा."

"माझा? अगं, माझा हात म्हणजे भिंतीत ठोकलेली खुंटी!"

"मग त्या खुंटीनं काल अर्धा चहा बशीत कसा सांडला?"

पस्तीस वर्षे लोकांनी डोळे मिटून ज्यांच्यापुढे गळा ताणला, त्यांच्याकडे आता कात्री, कंगवा आणि पावडरचा पफ एवढेच उरले. दाढीचे गिऱ्हाईक आले की मुलीच्या खुर्चीकडे जाई आणि उस्ताद पफ झटकत बसत.

दुकानातला राग ते घरी नेत. घरात डाळ खारट लागू लागली, दार नीट बंद होईना, घड्याळ पुढे गेल्यासारखे वाटू लागले. पंधराव्या दिवशी बायकोने मुलीला बाजूला घेतले. "त्यांना कसला तरी नाद लाव बाई. नाहीतर तुझ्या खुर्चीशेजारी मी येऊन बसते."

मुलीने खोके आणले. आत रिमोटवर चालणारे हेलिकॉप्टर होते, दोन वीत लांब, नाकावर काळ्या रंगाने काढलेल्या दोन खिडक्या. खोक्यावर लिहिले होते, चौदा वर्षांवरील सर्वांसाठी.

"चौदा पूर्ण आहेत माझी," उस्ताद म्हणाले आणि खोके आरशाखालच्या फळीवर सरकवून दिले.

ते तिथेच धूळ खात पडले असते, पण शनिवारी डॉक्टर आले. आता ते मुलीच्या खुर्चीत बसत आणि उस्तादांची नजर चुकवत. खोके दिसताच त्यांना विषय सापडला.

"तरुणपणी मीही उडवायचो हे. दिसतं सोपं, पण महाकठीण! सगळा खेळ दोन अंगठ्यांचा. अंगठा केसभर हलला की हे वावभर पळतं. थरथरत्या हाताचं तर कामच नाही."

बोलून गेल्यावर डॉक्टरांनी जीभ चावली. उस्तादांनी पफ खाली ठेवला.

"आणि मिनिटभर हवेत एका जागी उभं ठेवलं तर?"

"तर हात दगडासारखा आहे असं मी लिहून देईन."

"लिहून नको." उस्तादांनी मुलीकडे पाहिले. "किल्ली मिळेल?"

"मिळेल," मुलगी म्हणाली. चंद्र आणून देईन म्हणताना माणूस जितका निर्धास्त असतो तितकीच ती होती.

"आणि पहिली दाढी कुणाची?"

डॉक्टरांचा हात आपोआप कानाकडे गेला. "माझी," ते क्षीण आवाजात म्हणाले. ठरले: चौथ्या आठवड्यात, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी आठ वाजता, गोदामामागच्या मैदानावर.

उस्तादांनी माहितीपुस्तिका दोनदा वाचली आणि हेलिकॉप्टर फळीवर मांडले. पहिल्यांदा पंखा फिरवला तेव्हा हेलिकॉप्टर सोडून सगळे उडाले. बरणीतले कंगवे उड्या मारून बाहेर आले, पावडरचा डबा चालत चालत कडेला गेला आणि खाली पडला.

"बघ," ते पावडरीच्या ढगातून मुलीला म्हणाले, "थरथरतं कोण ते बघून घे."

दोन पात्यांचे वजन सारखे नव्हते. उस्तादांनी ती एका काडीवर जोडली, काडी मधोमध दोऱ्याला टांगली, वर गेलेल्या पात्याला नखाएवढी चिकटपट्टी लावली, मग त्यातली अर्धी कापली. काडी आडवी स्थिर झाली. पुढची अडचण अशी की फिरताना एक पाते वरून जाई, दुसरे खालून. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्यांनी एका टोकाला लाल पट्टी लावली, दुसऱ्याला पिवळी आणि लांब उभे राहून आडवे पाहिले. लाल रेघ वर, पिवळी खाली, मध्ये बोटभर अंतर.

"हात्तिच्या! कल्ले वर-खाली झालेत."

पस्तीस वर्षे डावा कल्ला उजव्याशी जुळवणाऱ्या डोळ्याला हे काम नवे नव्हते. पात्याच्या बुडाशी असलेली बारीक कडी अर्धा फेरा पिळली, पाहिले, पुन्हा पाव फेरा पिळली. तिसऱ्या खेपेला दोन रेघांची एकच नारिंगी रेघ झाली आणि फळीवरचा एकही कंगवा हलला नाही. डॉक्टर रस्ता ओलांडून मुद्दाम पाहायला आले आणि कान चोळत परत गेले.

उडवायला मात्र घाम फुटला. रोज दुपारी दोन तास दुकान बंद असे, तेव्हा उस्ताद खुर्च्या भिंतीला लावत. हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवत, नाक आरशाकडे आणि शेपटी स्वतःकडे, म्हणजे गिऱ्हाईक बसते अगदी तसे. स्वतः त्याच्या मागे, नेहमीच्या जागी. शेपटीकडून ते कुठे झुकतेय हे नीट कळेना, म्हणून उस्ताद जन्मभर पाहत आले तिथेच पाहू लागले: आरशात. आरशात त्या दोन काळ्या खिडक्या स्पष्ट दिसत. चेहरा डावीकडे कलला की अंगठा उजवीकडे. उजवीकडे कलला की डावीकडे.

पहिल्या आठवड्यात पात्यांच्या दोन जोड्या मोडल्या, छताला एक ओरखडा गेला आणि पफ कायमचा कामातून गेला. दुसऱ्या आठवड्यात हेलिकॉप्टर दहा सेकंद हवेत उभे राहिले. तिसरा आठवडा संपता संपता एक मिनिट दहा सेकंद. उस्तादांनी कुणाला काही सांगितले नाही, पण घरातली डाळ अचानक चांगली लागू लागली.

ठरल्या सकाळी डॉक्टर घड्याळ घेऊन मैदानावर हजर होते. मुलगी साखळी मुठीत धरून उभी होती. उस्तादांनी हेलिकॉप्टर दहा पावलांवर ठेवले, शेपटी स्वतःकडे, आणि रिमोटने हवेत उचलले. ते छातीच्या उंचीवर उभे राहिले.

"पाच," डॉक्टर म्हणाले. "सहा. सात."

उस्तादांच्या पाठीवर हलका वारा आला. बंद दुकानात वारा नसतो. हेलिकॉप्टरने हळूच मान वळवली आणि नाक सरळ उस्तादांकडे केले. उस्तादांना उलट हायसे वाटले. दोन काळ्या खिडक्या, ओळखीचा चेहरा! चेहरा डावीकडे कलला. त्यांनी अंगठा उजवीकडे नेला. चेहरा आणखी डावीकडे कलला. त्यांनी अंगठा आणखी उजवीकडे दाबला. हेलिकॉप्टर डावीकडच्या झुडपात इतक्या वेगाने घुसले, जणू तिथे त्याला कुणी बोलावले होते.

"अकरा," डॉक्टर म्हणाले.

मुलीने मुठीतली साखळी सोडली. उस्ताद झुडपाजवळ गेले, मोडकी पाती काढली आणि खिशातून उरलेली शेवटची जोडी काढून बसवू लागले. त्यांची मान खाली होती. स्क्रू पिळताना ते स्वतःच्या बोटांकडे असे पाहत होते, जणू ती दुसऱ्याची आहेत.

डॉक्टर शेजारी उकिडवे बसले. "उस्ताद, सराव कुठे केलात?"

"दुकानात."

"दुकानात कुठे?"

"आरशासमोर. दुसरं काय आहे दुकानात?"

डॉक्टर हसू लागले. इतके हसले की त्यांना जमिनीवर हात टेकावा लागला. "अहो, हा माझ्याच धंद्यातला रोग! वरच्या दाढा मला सरळ दिसतात का? बारीक आरसा घालून बघतो. शिकत होतो तेव्हा सहा महिने हात उलटा जायचा. आता इतकी सवय झालीय की आरशाशिवाय बघितलं तर चुकतो. आरशातल्या तोंडाचं डावं आपल्या डावीकडेच असतं. खरं तोंड समोर आलं की त्याचं डावं आपल्या उजवीकडे. तुमचा हात नाही चुकला, डोळा चुकला. अंगठा कसा ठाम गेला तुमचा! चुकीच्या बाजूला गेला, पण काय ठाम गेला!"

"मग आता?" मुलीने विचारले.

"आता पहिल्यापासून शिकायचं. चार-सहा महिने."

उस्ताद उठले. गुडघे झटकले. "मिनिटभर उभं ठेवायचं, एवढंच ठरलं होतं ना? आरसा वापरायचा नाही, असं कोण म्हणालं?"

डॉक्टरांनी मुलीकडे पाहिले. मुलगी क्षणभर थांबली, मग वळली आणि चक्क पळत सुटली. दुकान चार मिनिटांवर होते. सातव्या मिनिटाला ती धापा टाकत परत आली. काखेत मानेमागचे केस गिऱ्हाइकाला दाखवायचा मोठा हातआरसा होता.

उस्तादांनी हेलिकॉप्टर नाक आपल्याकडे करून ठेवले आणि त्याच्याकडे चक्क पाठ फिरवली. मुलगी समोर आरसा धरून उभी राहिली. आरशात दोन काळ्या खिडक्या आल्या, डावे डावीकडे आणि उजवे उजवीकडे, जसे पस्तीस वर्षे येत होते.

हेलिकॉप्टर उठले. सकाळी फिरायला निघालेले दोन म्हातारे थांबले.

"तो माणूस काय करतोय?"

"भांग पाडतोय वाटतं."

"आणि ते मागे उडतंय ते?"

"ते दुसऱ्या कुणाचं असेल."

"तीस," डॉक्टर म्हणाले.

चाळिसाव्या सेकंदाला मुलगी ओरडली, "बाबा, हलतंय ते!"

"मशीन नाही हलत," उस्ताद ओठ न हलवता म्हणाले. "आरसा हलतोय. दोन्ही हातांनी धर."

मुलीने खाली पाहिले. तिचे मनगट थरथरत होते. तिने दुसरा हात लावला, कोपरे पोटाशी घट्ट घेतली आणि श्वास रोखला.

"पन्नास. बोलू नका कुणी. पंचावन्न." आता डॉक्टरांचाच आवाज कापत होता, आणि त्यांना तसे कारणही होते. "साठ!"

उस्तादांनी ते लगेच उतरवले नाही. आणखी तीन सेकंद उभे ठेवले, मग पीस ठेवावे तसे जमिनीवर ठेवले.

सुट्टी असूनही दुकान उघडले. मुलीने मुकाट्याने साखळीतून किल्ली काढली. डॉक्टर खुर्चीत बसले आणि डाव्या कानावर तळहात ठेवला.

"हात काढा डॉक्टर, कल्ला राहील."

"उस्ताद, एक सांगू का..."

"तोंड बंद. लोकांना दिवसभर उघडायला लावता, एकदा मिटून बघा."

दाढी अकरा मिनिटे चालली. प्रत्येक ओढीआधी उस्ताद डावे मनगट उजव्याखाली टेकवत होते. असे ते पूर्वी करत नसत. मुलीने ते पाहिले. शेवटी तिने हातआरसा धरून डॉक्टरांना मान दाखवली, पण डॉक्टर कानच बघत राहिले. दोन्ही जागेवर होते.

मग चहा आला. उस्तादांनी कप उचलला आणि घोटभर चहा बशीत सांडला. उस्ताद त्या बशीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग उठले, वस्तरा पुसला, डब्यात घातला, डबा खणात ठेवला, कुलूप लावले आणि किल्ली मुलीच्या हातावर ठेवली.

"शनिवारी लागेल," ते म्हणाले. "बाकी दिवस ठेव तुझ्याकडे."

"फक्त डॉक्टरांची?"

"फक्त डॉक्टरांची."

"मला कुणी विचारलं का?" डॉक्टर म्हणाले, आणि कानाला हात न लावता रस्ता ओलांडून गेले.