दुधाच्या लाइनचं पोट

पट्टीताईला त्या कारखान्याच्या दारातच मळमळायला लागलं. आंबलेल्या दुधाचा वास कुणाला ठाऊक नसतो? पण हा नुसता आंबलेला नव्हता. त्यावर फिनेल शिंपडलेलं होतं, आणि फिनेलवर कुणीतरी गुलाबाचा फवारा मारला होता. घाण झाकायला माणसं जेवढे कष्ट घेतात, तेवढ्यात ती दोनदा काढून झाली असती.

पट्टीताई हे नाव फिटर लोकांनी पाडलेलं. कधी बघावं तेव्हा हातात मोजपट्टी. ती कंपनीच्या मुख्य ऑफिसात इंजिनिअर होती, आणि पाइपांना किती किती अंतरावर आधार द्यायचे ते ठरवणं हे तिचं काम. लोकांना वाटतं, त्यात काय ठरवायचंय? पण कपडे वाळत घालायची दोरी आठवा. दोन खिळे लांब ठोकले की मधल्या ओल्या चादरी जमिनीला टेकतात. पाइपाचंही तेच. स्वतःचं वजन, आतल्या दुधाचं वजन, आणि दोन आधारांच्या मधे त्याला पोट सुटतं. पाइप तुटणार नाही एवढं अंतर वेगळं आणि त्याला पोट सुटणार नाही एवढं अंतर वेगळं. दुसरं बरंच कमी. दुधाच्या लाइनला दुसरंच धरावं लागतं. लाइन जराशी उतरती ठेवतात, म्हणजे धुतल्यावर पाणी निथळून जातं. पोट सुटलं की ते तिथेच साचतं, रात्रभर कुजतं, आणि सकाळचं ताजं दूध त्याच्यावरून पुढे जातं. इथे त्या दुधाची पावडर व्हायची, लहान मुलांना पाजायची. म्हणून तिने हिशेब पुन्हा पुन्हा तपासून आधार जवळजवळ दिले होते.

तरी गेले काही महिने दूध मधूनमधून नासत होतं. खापर फोडायला डोकंही सापडलं होतं, लाइन धुणाऱ्या मावशींचं. नीट धूत नाहीत, उद्यापासून येऊ नका, असं त्यांना सांगून झालं होतं. मावशी दारातच उभ्या होत्या. धुण्याच्या सोड्याने हातांची सालं निघालेली.

“ताई, एकदा धुवा म्हणतात, मी तीनदा धुते. आता काय चाटून साफ करू?”

“आज जाऊ नका. मी बघून येते,” पट्टीताई म्हणाली.

दूध मुळात नासकं येत नव्हतं, ते तपासलेलं होतं. मग घोडं पेंड खात होतं ते लाइनमध्येच. लाइन बंद होती, धुऊन झालेली. फिटरकाकांनी शिडी धरली आणि ती वर चढली. तिने पट्टी लावली आणि तिला आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. पुन्हा लावली. एकाआड एक आधार गायब होता. जिथे तो होता तिथे घासून गुळगुळीत केलेला ठिपका आणि वर ताजा रंग. तिने पाइपावर उतार बघायची लेव्हल ठेवली, तर बुडबुडा नको त्या बाजूला पळाला.

“काका, हे कुणी कापले?”

फिटरकाका छताकडे बघायला लागले.

“छताला नाही विचारत मी, तुम्हाला विचारतेय.”

“साहेबांनी सांगितलं. पाहुण्यांना बघायला वर काचेची गॅलरी केली ना, तिथून हे सगळं फार गिचमिड दिसतं म्हणाले. निम्मे काढा. मी म्हटलं, ताईंना विचारू या. तर म्हणाले, ताई घरचीच आहे, मी बघतो.”

साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख, आणि पट्टीताईचे मोठे दीर. घरची आहे म्हणून विचारायचं नाही! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“इथला जोड सोडा,” ती म्हणाली.

काकांनी खाली बादली धरून जोड सोडला. आधी काहीच आलं नाही. मग पिवळट, चिकट, तार सुटलेलं काहीतरी लोळागोळा होऊन बादलीत पडलं. पडताना आवाज झाला, ओकारीसारखा. काकांनी तोंड फिरवलं. पट्टीताईलाही फिरवावंसं वाटलं. पण तिने मुद्दाम बघितलं. मुलांच्या घशाखाली जातं ते मोठ्यांना निदान बघता तरी यायला हवं.

बादली घेऊन ती तडक दिरांच्या केबिनमध्ये गेली. दिरांनी नाकाला रुमाल लावला.

“हे कशाला आणलंस इथे? गालिचा आहे खाली.”

“भाऊजी, आधार कापलेत तुम्ही. पाइपाला पोट सुटलंय.”

“पाइप तुटला का?”

“तुटला नाही, पण...”

“मग झालं तर! तुमचं गणित नेहमीच भित्रं असतं. आणि पुढे पावडर करताना दूध तापतंच की. सगळं मरतं.”

“मेलेलं पाजायचं मुलांना?”

“आवाज खाली. उद्या सकाळी पाहुणे आहेत, लाइन चालू दिसली पाहिजे. तू असं कर, नव्या अंतराचा हिशेब बसवून दे. त्या बाईला काढलं की बोभाटा आपोआप थांबेल. घरातली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात.”

वर तोंड करून हे सगळं, आणि तेही हसत! घरातली माणसं हा शब्द त्या तोंडातून ऐकून तिला बादलीपेक्षा जास्त शिसारी आली. बादली उचलून ती बाहेर पडली.

एकच वाट दिसत होती. दीर जगात कुणाचं ऐकत असतील तर जाऊबाईंचं. संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. जाऊबाई मांडीवर नातवाला घेऊन बाटलीने दूध पाजत होत्या. पट्टीताईने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. जाऊबाईंनी ऐकता ऐकता कपाळाला हात लावला.

“वहिनी, ती बाटली ठेवा आधी,” पट्टीताई म्हणाली.

“अगं, हे आपल्या कारखान्याचं नाही. यांनी बंद केलं ते. म्हणाले, बाळाला दुसऱ्या कंपनीचंच द्यायचं.”

“कधीपासून?”

“झाले की महिने. ती काचेची गॅलरी झाली ना, त्याच सुमारास.”

म्हणजे दिरांना ठाऊक होतं.

“पण कारखान्यातून तर तुम्हाला डबे येतात ना घरी?”

“येतात की. ते मी तुझ्या...” जाऊबाई थांबल्या. त्यांचा चेहरा उतरत गेला. “अगं, ते मी तुझ्या धाकटीला पाठवते, तू कामावर असतेस तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या हाती. हेच म्हणाले, वाया कशाला घालवायचे.”

दीर मागे दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

“एवढं काही नाही त्यात,” ते म्हणाले. “हा अगदीच तान्हा आहे. तुझी दोन वर्षांची झाली. तिला पचतं.”

पट्टीताईने घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला.

“तिला दूध देऊ नकोस.”

“आत्ताच प्यायली की. अख्खी बाटली संपवली, शहाणीने. का गं?”

“डॉक्टरांकडे घेऊन जा. मी तिथेच येते.”

तिने फोन बंद केला आणि लगेच फिटरकाकांना लावला. काका अजून कारखान्यातच होते.

“काका, करवत घ्या. जिथे जिथे पोट आहे तिथे लाइन कापा. आजच.”

“ताई, साहेबांना विचारलंत का?”

दीर तिच्याकडे बघत होते. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, तरी तिने नजर हलवली नाही.

“समोरच उभे आहेत,” ती म्हणाली. “कापा.”