मनोऱ्याचा तिसरा पाय

समुद्रातल्या त्या मनोऱ्याला चार पाय होते. पाण्याची खोली अठरा मीटर. पहिल्या पायावर तळहाताएवढ्या चौकोनात एकतीस कालवं, दुसऱ्यावर अठ्ठावीस, चौथ्यावर तेहतीस. तिसरा पाय मी अजून मोजला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी तिथे शौकत बुडाला होता. पाठीवरच्या हवेच्या टाकीचे पट्टे सोडून तो वर आला, तेव्हा जिवंत नव्हता. टाकी सापडलीच नाही.

साल दोन हजार दोन. अबुधाबीच्या किनाऱ्यापासून दूर हा मनोरा वारा मोजायचा. पुढेमागे तिथे पवनचक्क्या उभारता येतील का, हे पाहायला. पोलादावर काय काय वाढतं ते मोजायचं काम माझं. माझ्याबरोबर उतरणारा डायव्हर म्हणजे शौकतचा धाकटा भाऊ हनीफ, रत्नागिरीचा.

"हवा संपली, हवेचा गेज बघितला नाही, असं लिहिलंय ऑफिसने," होडीत तो म्हणाला. "भाई सारखा गेज बघायचा. टाकी मिळू दे, इन्शाल्ला. आत हवा निघाली की यांचं खोटं उघडं पडेल."

बोलताबोलता त्याने सवयीने माझ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. साडेतीन फेरे, मग पाव मागे.

"भाईचापण मीच उघडायचो."

"आणि चुकून पूर्ण बंद करून पावच उघडला तर?"

"होडीत श्वास येतो. खोल गेल्यावर कोंडतो." तो हसला. "यल्ला, चला, अस्मिता मॅडम. कालवं मोजायला एम.एस्सी. लागतं, व्हॉल्व्हला नाही."

तिसऱ्या पायाजवळ टाकीवर ठोकल्यासारखा आवाज आला. दोन ठोके, मग थांबून एक. पाण्यात आवाजाची दिशा कळत नाही. हनीफ माझ्यासमोर होता, दोन्ही हात मोकळे. त्यानेही मान वळवली. पुन्हा दोन, मग एक.

शोधणाऱ्यांनी फक्त तळ पाहिला होता. मी पायांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या बेचक्यात टॉर्च मारला. शौकतची टाकी तिथे घट्ट अडकली होती. पाणी स्थिर होतं. टाकी हलत नव्हती.

टाकी सोडवून आम्ही ती होडीत आणली. हनीफ म्हणाला, "मला बोलवायला भाई तसंच वाजवायचा."

टाकीच्या जुन्या गेजमध्ये पाणी शिरलं होतं. नवा लावायचा तर आधी व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.

"तुम्ही फिरवा," तो म्हणाला. "मी मोजतो. सव्वातीन फेरे होतील."

व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद झाला. नवा गेज लावून मी तो पुन्हा उघडला: भरलेल्या टाकीच्या २०० पैकी १६५ बार.