पाहिल्याची तारीख

मित्रांनो, मी इंटरनेटवरचे एक जुने पान आहे. मला हातात धरता येत नाही, पण माझा पत्ता टाकलात की मी हजर होतो.

मला घडवले जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधायला घेतले. बाई रोज समोर खुर्ची टाकून बसायच्या. माशी चिखलाची गोळी कशी आणते, अळी आत कशी कोंबते, तोंड कसे लिंपते, सगळे त्यांनी माझ्यावर लिहिले. फोटोत मापाची पट्टी धरलेला जाडजूड अंगठा त्यांच्या नवऱ्याचा.

"अहो, हलू नका," बाई म्हणायच्या.

"मी कुठं? माशीच हलतेय," तो म्हणायचा.

माझ्या तळाशी बाईंनी एक ओळ लिहिली, 'वाचलंत तर दोन शब्द कळवा.' पुढे त्या अंथरुणाला खिळल्या, तरी सकाळी पहिला प्रश्न तोच. "आलं का कुणाचं काही?" नवरा मला उघडायचा, खालपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "येईल की." कुणाचेच आले नाही. बाई गेल्या.

काही महिन्यांनी लेकीला इंटरनेटवर एका प्राध्यापकांचा शोधनिबंध सापडला. वाक्ये माझी, मापे माझी, फोटोही माझाच. बाईंचे नाव कुठेच नाही.

"बाबा, हा तुमचाच अंगठा ना?"

नवऱ्याने अंगठा स्क्रीनशेजारी धरून पाहिला आणि प्राध्यापकांना फोन लावला.

"आजोबा, इंटरनेटवर असतं ते सगळ्यांचं असतं," प्राध्यापक म्हणाले.

"रस्त्यावर उभी केलेली तुमची गाडीही सगळ्यांची का?"

ब्याद टळावी म्हणून प्राध्यापकांनी निबंधाच्या शेवटी माझा नुसता पत्ता डकवला. लेखिकेचे नाव नाही, शीर्षक नाही, मला कधी पाहिले ती तारीखही नाही.

तिथेच ते फसले. छापलेले पुस्तक बदलत नाही. माझा पत्ता मात्र तोच ठेवून मजकूर बदलता येतो. नवऱ्याने लेकीला शेजारी बसवले आणि माझ्या माथ्यावर बाईंची वाक्ये व प्राध्यापकांची वाक्ये शेजारी शेजारी लावली. वर ठळक अक्षरात लिहिले, 'ही चोरी आहे.' खाली चोराचे नाव.

आता निबंधातला संदर्भ तपासायला निघालेला प्रत्येक जण थेट माझ्या दारात येऊ लागला. वाट प्राध्यापकांनीच दाखवली होती. त्यांचे विद्यार्थी आले, सहकारी आले, शेवटी विभागप्रमुखही आले. मला मोठी मजा वाटली, खोटे कशाला बोलू?

प्राध्यापकांचा फोन आला. "अहो, मी पाहिलं तेव्हा त्या पानावर असलं काही नव्हतं."

"कधी पाहिलंत?" नवरा म्हणाला. "तारीख कुठाय? लिहा की."

विभागप्रमुखांनीही तेच विचारले. प्राध्यापकांच्या संगणकात माझा फोटो उतरवून घेतल्याची तारीख होती. निबंधात नीट संदर्भ आला. बाईंचे नाव, माझे शीर्षक, माझा पत्ता आणि पाहिल्याची तारीख.

"झालं, बाबा," लेक म्हणाली. "आता ते वरचं काढूया का?"

नवऱ्याने चष्मा लावून तारीख वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली. बाई तेव्हा होत्या. रोज सकाळी विचारत होत्या.

"हा येऊन गेला होता," तो म्हणाला. "ती असताना. दोन शब्द नाही टाकले."

लेकीने पुन्हा काढायचे नाव घेतले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या पानावरून काही घेतलेत तर ज्याचे आहे त्याचे नाव लिहा. शीर्षक आणि पत्ता लिहा, कोणत्या दिवशी पाहिले तेही लिहा. आणि तो माणूस हयात आहे तोवर त्याला कळवा. मी माफ करणाऱ्यांपैकी नाही. माझ्या माथ्यावरचा मजकूर अजून तसाच आहे. नवऱ्याने त्यात फक्त दोन तारखांची भर घातली. प्राध्यापकांनी दिलेली पाहिल्याची तारीख, आणि तिच्याखाली बाई गेल्याची तारीख.