एमेटचा नवा माउस

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: तुमच्या आईनं हौसेनं नवा माउस आणलाय, आणि तो तुमच्यासाठी नाही.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या टिल्डाचं असंच झालं. ती डावखुरी. घरातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर आईनं तिच्यासाठी माउसची बटणं कधीच उलटी करून ठेवली होती. मग आईनं पुन्हा लग्न केलं आणि नव्या बाबांचा मुलगा एमेटही राहायला आला.

दुकानात आई त्याला एकेक माउस धरून बघायला लावत होती. "बोटं आखडत नाहीत ना रे? वायरचाच घेऊ, ऐन वेळी सेल संपायला नको." अंगठ्यापाशी खोलगट असलेला त्याला आवडला. टिल्डानंही तो धरून पाहिला. तिच्या डाव्या हातात तो बसेचना.

"मला मात्र घरात टेबलावर पडलेला जुनाच दिलास," ती पुटपुटली.

घरी आईनं दोन्ही माउस जोडले, सेटिंगमध्ये एमेटसाठी बटणं सरळ केली, तर टिल्डाचीही सरळ झाली. "अगं बाई, दोघांची एकदमच फिरतात! जेवणानंतर बघते हं."

आई स्वयंपाकघरात गेली तशी टिल्डानं सगळं पुन्हा उलटं केलं. बसू दे लाडोबाला कपाळ धरून!

एमेट फाइल उघडायला गेला, तर भलतीच यादी उघडली. पुन्हा तेच. टिल्डा दारातून बघत राहिली. आता हा रडत आईकडे जाणार. पण तो मुकाट्यानं दुसऱ्या बोटानं बटण दाबायला लागला.

"आईला हाक का नाही मारत?"

"कशाला? तुमच्या घरात असंच असतं ना? शिकेन मी."

'तुमच्या' हा शब्द तिला बोचला.

"सरक, शहाण्या!"

तिनं सेटिंग सरळ केलं आणि टर्मिनलची, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून हुकूम द्यायची, काळी खिडकी उघडली. ही खिडकी आईनं फक्त तिला शिकवली होती. तिथे प्रत्येक माउसला वेगळा क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक लिहाल, तेवढाच बदलतो.

"हा अकरा, माझा. त्याच्यापुढे तीन, दोन, एक लिही. म्हणजे बटणांचा क्रम उलटा होतो आणि उजवं बटण डाव्याचं काम करतं. तुझ्या माउसला काही होत नाही."

"मी लिहू?"

टिल्डानं क्षणभर कीबोर्ड घट्ट धरला, मग त्याच्याकडे सरकवला. एमेटनं जपून एकेक अक्षर टाइप केलं.

पण शेवटचं एंटर तिनं स्वतःच दाबलं.