अंगठ्याचा पापुद्रा

मी एक जुना नेलकटर आहे. मित्रांनो, मिरवावं असं माझ्याकडे बरंच आहे, पण आज मान खाली घालूनच बोलतो.

कारखान्यात माझ्या पात्यांना धार लागली आणि पोटात एक टोकदार पट्टी बसली. मग पंधरा वर्षं मी बूट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या घरी सगळ्यांची नखं कापली. ‘जुनं ते सोनं’ असं घरातले म्हणत, आणि मी फुगून जाई.

कारागिराच्या मुलीनं भावाच्या लग्नात गमानं खोटी नखं चिकटवली होती. नाकापेक्षा मोती जड, असं आजी म्हणालीही. पुढच्याच सोमवारी मुलीचा नर्स म्हणून पहिला दिवस होता आणि वॉर्डात खोटी नखं चालत नाहीत. रविवारी दुपारी तिची धांदल उडाली.

बाबा बुटाचा तळ उपटतात ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. पुढून टोक घुसवायचं आणि हिसका द्यायचा. तिनं माझी पट्टी अंगठ्याच्या खोट्या नखाखाली घातली आणि तसंच केलं. खऱ्या नखाचा पापुद्राही सोलून आला. रक्त पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुमचंच बघून केलं, बाबा.”

“तू नुसता हिसका बघितलास, पोरी. आधी मी तळाला ऊब देऊन गम सैल करतो, ते नाही बघितलंस.”

जखम धुऊन त्यांनी मलमपट्टी केली. तो अंगठा बाहेर ठेवून बाकीची बोटं साबणाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवली. नखांच्या कडेनं तेल सोडलं, लाकडी काडीनं बाजूनं हळूच उचलून पाहिलं. जे हललं नाही ते पुन्हा पाण्यात. नऊही नखं अलगद निघाली. मी तिथेच पडून बघत होतो.

सोमवारी ती हिरमुसून घरी आली. “उघड्या जखमेनं पेशंटजवळ जायचं नाही म्हणाल्या मोठ्या सिस्टर. दिवसभर फायली लावल्या.”

“हत्याराचा काय दोष?” बाबा म्हणाले. मला ते अजून पटलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यात धार आहे, थांबायची अक्कल नाही. ती तुम्ही ठेवा. पाण्यात हात घालून धीर धरा, ओढू नका.

आता ती वॉर्डात जाते. काल तिनं मला घेतलं आणि नऊ बोटांची नखं कापली. अंगठा मात्र तिनं माझ्या हाती दिला नाही.